अंगावर काढलेली चाळिशी

वाचकहो, आपल्या भाषेत ‘चाळिशी’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वयाचा आणि दुसरा चष्म्याचा. वर्तमानपत्रातील अक्षरे धूसर दिसू लागली की माणूस फारशी कुरकुर न करता चष्मा घेतो आणि चार स्नेह्यांनी थट्टा केली तर तीही हसून ऐकतो. डोळ्यांची चाळिशी आपण अशी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु त्याच सुमारास रक्तदाब चढू लागलेला असतो, झोप तुटू लागलेली असते, जिना चढताना दम लागतो, लहानशा कारणावरून घरात आवाज चढतो. ही दुसरी चाळिशी मात्र आपण ‘अंगावर काढतो’. हा वाक्प्रचारही खास आपलाच. औषधपाणी न करता, हातचे काम न सोडता दुखणे सोसत राहणे म्हणजे ते अंगावर काढणे. आणि आपल्या घरांतून ह्या गोष्टीची गणना दोषांत होण्याऐवजी गुणांत होते.

ह्या वेळी त्याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि उदाहरणादाखल झाशी हे गाव घ्यावयाचे आहे. झाशी म्हटले की मराठी मनाला किल्ला आणि राणी आठवते, ते स्वाभाविक आहे. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत मराठी कुटुंबांना झाशीस नेले ते रेल्वेने. इंडियन मिडलंड रेल्वे १९०० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत विलीन झाली आणि झाशीचा कारभार मुंबईशी जोडला गेला. पुढे १९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाली, तेव्हाही झाशी विभाग तिच्याकडेच राहिला. भुसावळचा मनुष्य बदली होऊन झाशीस जाई आणि बहुधा तेथेच त्याचा संसार रुजे. २००३ साली हा विभाग उत्तर मध्य रेल्वेकडे गेला, म्हणून आता मुख्यालय प्रयागराज. परंतु रुजलेली घरे तेथेच आहेत. गणेशोत्सव होतो, घरात मराठी आणि दारात बुंदेली चालते, आणि म्हातारे आईवडील मात्र पुष्कळदा खानदेशात किंवा कोकणात. मुंबई ते झाशी अंतर रेल्वेने सुमारे अकराशे किलोमीटर आहे. आईच्या आजारपणाचा दूरध्वनी आला की पंजाब मेलमध्ये जागा मिळते का, हा पहिला प्रश्न असतो. आईला काय झाले आहे हा दुसरा.

असे एक घर आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. गृहस्थ सत्तेचाळीस वर्षांचे, मालगाडीवर लोको पायलट. मालगाडीला प्रवासी गाडीसारखे बांधलेले वेळापत्रक नसते. एके काळी मध्यरात्री ‘कॉल बॉय’ दार ठोठावीत असे, आता मोबाईल वाजतो, फरक एवढाच. गृहिणी चव्वेचाळीस वर्षांच्या, शाळेत शिक्षिका. मुलगा बारावीस, मुलगी आठवीस. सासूबाई घरीच असतात, त्यांना मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचावे लागते. गावाकडे गृहिणीचे वडील एकटे आहेत. रात्री अडीच वाजता मोबाईल वाजला की गृहस्थ उठतात, पण त्यांच्याआधी गृहिणी उठलेली असते. डबा भरावयाचा असतो. ते गेल्यावर तिला पुन्हा झोप लागते न लागते तोच सहा वाजतात. गृहस्थ परगावच्या रनिंग रूममध्ये दिवसा झोपण्याचा प्रयत्न करीत असतात, आणि ती वर्गात दुसरा तास घेत असते. संध्याकाळी शिकवणीचे शुल्क, सासूबाईंच्या साखरेची नोंद, वडिलांना फोन. ह्या घरात कोणी आळशी नाही, कोणी दुष्ट नाही, पैशाची फार मोठी चणचणही नाही. तरीही दोघांच्या मनावर सतत कसलेतरी ओझे आहे; कसले ते विचारले तर दोघांनाही नेमके सांगता येणार नाही.

ह्याचे एक कारण मला असे दिसते. घरातील प्रत्येकाच्या गरजेला तारीख आहे. मुलाच्या परीक्षेला तारीख आहे, कर्जाच्या हप्त्याला आहे, सासूबाईंच्या इन्सुलिनला तर घड्याळाची वेळ आहे. तारीख नाही ती फक्त ह्या दोघांच्या प्रकृतीला. ज्या कामाला तारीख नसते ते मागे पडते, हा कचेरीतला नियम घरालाही लागू आहे.

त्यातही एक गंमत पाहा. गृहस्थांच्या बाबतीत रेल्वेने ही तारीख घालून दिलेली आहे. गाडी चालविणाऱ्या माणसाला ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणीस हजर राहावेच लागते. दृष्टी, रंगज्ञान, रक्तदाब, साखर हे सर्व पाहिले जाते. वय वाढते तसे दोन तपासण्यांमधील अंतर कमी होत जाते, आणि पंचावन्नाच्या पुढे ती दर वर्षी होते. कारण उघड आहे. त्या एका माणसाची भोवळ किंवा डुलकी शेकडो माणसांच्या जिवावर बेतू शकते. पण त्याच घरात, त्याच तुटलेल्या झोपेवर, दुसरी एक व्यक्ती पाच माणसांचा गाडा ओढीत असते. तिला तपासणीचे पत्र कोण पाठविणार? तिच्या शाळेने कधी मागितले नाही, घरात कोणाला सुचले नाही, आणि तिने स्वतः तर ‘मला काय धाड भरली आहे’ ह्यापलीकडे विचारच केलेला नाही. (स्त्रियाही इंजिन चालवितात, हे मी विसरलेलो नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव ह्यांनी १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत गाडी चालवीत आणली. अशा स्त्रीच्या घरी ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर असणार, एवढेच.)

गृहस्थांची तपासणी होते म्हणून ते निश्चिंत असतील असे समजू नका. तपासणी जवळ आली की पुष्कळ घरांत धास्ती शिरते. कारण चाचणीत कमी पडल्यास गाडीवरून उतरावे लागते, आणि गाडीबरोबर धावण्याचा भत्ताही जातो; घराचे अंदाजपत्रक तर त्या भत्त्यावर बेतलेले. म्हणून कोणी तपासणीच्या आधी आठवडाभर मीठ सोडतो, आणि पार पडली की पुन्हा लोणच्याची बरणी उघडतो. कोणी डोके दुखते हे बायकोलाही सांगत नाही. अशांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, गाडीवरून उतरविले म्हणजे नोकरी गेली असे नव्हे. दुसरे काम दिले जाते. शासकीय सेवेत असताना अपंगत्व आले तर कर्मचाऱ्याला पदावरून खाली आणता येत नाही, त्याची वेतनश्रेणी राखावी लागते, असे बंधन २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने घातले आहे. आणि दुसरी, लवकर कळलेला रक्तदाब औषधाने बहुधा आटोक्यात राहतो. लपविलेला मात्र वाढतच जातो, आणि त्याची पहिली खबर कधी कधी अर्धांगवायूच्या झटक्यानेच येते.

शरीराच्या आत काय घडते ते थोडे समजून घेणे इष्ट होईल. संकट दिसले की मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथी रक्तात द्रव्ये सोडतात. हृदय जोराने चालते, रक्तदाब वाढतो, यकृतातील साखर रक्तात उतरते, स्नायूंना बळ येते. वाघापासून पळावयाचे असेल तर ही व्यवस्था उत्तम आहे. १९३६ साली माँट्रियल येथे हान्स सेली ह्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की कारण कोणतेही असो, शरीराचा हा प्रतिसाद बराचसा एकाच साच्याचा असतो, आणि तो फार काळ चालू राहिला तर शरीर थकते, मोडते. वाघ येतो आणि जातो. परंतु कर्जाचा हप्ता, वडिलांचे एकटेपण, मध्यरात्रीचा मोबाईल ही संकटे न येता येतच राहतात. शरीर बिचारे दर वेळी पळण्याच्या तयारीने उभे राहते आणि पळावयाचे कोठेच नसते. त्यात रात्रपाळी. शरीरात जे एक आतले घड्याळ आहे, ज्याचे कार्य उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते रेल्वेच्या घड्याळाप्रमाणे चालत नाही. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि साखर बिघडते. गृहिणीच्या बाबतीत आणखी एक भर पडते. पंचेचाळीस ते पन्नासच्या सुमारास मासिक पाळी थांबण्याचा काळ येतो. अंगातून वाफा येणे, झोप न लागणे, उगाच रडू कोसळणे हे त्या काळाचे धर्म आहेत. ‘हल्ली हिचा स्वभाव बिघडला’ असे म्हणण्याआधी घरातल्यांनी हे ध्यानी घ्यावे.

सर्वसाधारण समजूत अशी की ताण म्हणजे अधिकाऱ्यांचा रोग. ज्याच्या डोक्यावर जबाबदारी मोठी त्याचे हृदय आधी थकते. लंडनमधील सरकारी नोकरांचा १९६७ पासून अभ्यास करण्यात आला, त्यात अठरा हजारांच्या आसपास पुरुषांची पाहणी झाली. निष्कर्ष उलटा निघाला. सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक होते, आणि धूम्रपानासारख्या कारणांनी त्याचा पूर्ण उलगडा होत नव्हता. पुढे १९८५ पासून स्त्रियांनाही सामावून घेऊन दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात असे दिसले की कामाच्या ओझ्याइतकेच, स्वतःच्या कामावर स्वतःचा किती ताबा आहे ह्यालाही महत्त्व आहे. काम केव्हा करावयाचे, कसे करावयाचे, ह्यात ज्याला काहीच बोलता येत नाही त्याचे हृदय अधिक धोक्यात. आणि ह्याच अभ्यासातून २००४ साली आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली, जी आपल्या घरांनी वाचावी अशी आहे: घरातील गोष्टींवर आपला ताबा नाही असे ज्या स्त्रियांना वाटत होते त्यांना हृदयविकार अधिक झाला, पुरुषांच्या बाबतीत तसा संबंध आढळला नाही.

आपल्या देशात काय स्थिती आहे? २०२४ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे देतात, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. हात न लावणाऱ्या पुरुषांची गणती ह्यात धरलेलीच नाही, हे लक्षात असू द्यावे. ह्या २८९ मिनिटांपैकी स्त्रीच्या मर्जीची किती? इन्सुलिनची वेळ तिची नव्हे, डब्याची नव्हे, नळाला पाणी येण्याची तर नव्हेच. त्यात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोह कमी पडून किंवा अन्य कारणाने पांडुरोग आहे. थकवा हा स्वभावदोष नसून रक्तदोष असू शकतो.

झाशीत स्त्रीला सोसण्याचा उपदेश करावयाचा झाला की राणीचे उदाहरण देण्याची रीत आहे. घोड्यावर स्वार, हाती तलवार, पाठीशी बांधलेले मूल: हे चित्र दाखवून, ‘तिने एवढे केले, तुला चूल आणि नोकरी जड होते काय?’ असे विचारले जाते. हे मला राणीवर अन्याय केल्यासारखे वाटते. विष्णुभट गोडसे हे वरसईचे भिक्षुक घरचे कर्ज फेडण्याच्या विवंचनेने १८५७ साली उत्तरेत गेले आणि त्या धामधुमीत झाशीस राहिले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात राणीच्या दिनक्रमाचे जे वर्णन आहे ते ह्या उपदेशकांनी एकदा वाचावे. राज्यावर संकट घोंगावत असतानाही पहाटेची तालीम, मल्लखांब, घोडा फिरविणे, त्यानंतर सावकाश स्नान, हे तिने आपल्या दिवसात राखून ठेवले होते. राज्यकारभार त्याच्या मागून सुरू होई. ती वयाने तरुण होती आणि हाताशी माणसे होती, हे खरेच. सर्वांना ते साधणार नाही. पण झाशीच्या राणीचे नाव घेऊन स्त्रीला सांगावयाचेच असेल तर सोसण्याविषयी सांगण्यापेक्षा पहाटेच्या त्या राखून ठेवलेल्या वेळाविषयी सांगावे.

आता आपल्या कल्पनेतल्या घरी परत जाऊ. तेथे काय बदलता येईल? मालगाडीची वेळ बदलता येणार नाही. सासूबाईंचा मधुमेह जाणार नाही. तेव्हा ‘चिंता सोडा, आनंदी राहा’ असला सल्ला देणे म्हणजे पाण्यात पडलेल्याला कोरडे राहण्यास सांगणे होय. पण काही गोष्टी हलविता येतात. इन्सुलिन टोचणे बारावीतला मुलगा एका दुपारी शिकू शकतो. ते कौशल्य कोणत्याही परीक्षेच्या गुणांहून कमी मोलाचे नाही. रात्रीचा डबा गृहस्थ स्वतः भरू शकतात, भाजी संध्याकाळीच करून ठेवलेली असली म्हणजे झाले. एक माणूस कामावर जाण्यासाठी दोन माणसांनी जागावे, ह्याला रीतीखेरीज दुसरे कारण नाही. गावाकडच्या वडिलांची काळजी एकट्या मुलीच्या मनावर असेल, तर भावंडांनी ती महिन्यांत वाटून घ्यावी: चैत्रात हा, वैशाखात ती. कोणाचा महिना आहे हे ठरलेले असले की उरलेल्यांना त्या महिन्यात तरी निवांत झोप लागते. पैसे पाठविणारा आणि प्रत्यक्ष जाणारा असे दोन निराळे असले तरी चालेल, परंतु आधी तसे बोलून ठरलेले असावे. न बोलता मनात धरलेल्या हिशेबाने भावाभावांत वितुष्ट आलेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

रात्रपाळीहून आलेल्या माणसाची दिवसाची झोप हीसुद्धा घराने सांभाळावयाची गोष्ट आहे. झाशीचा उन्हाळा साधा नव्हे. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि खडकाळ बुंदेलखंडातली भिंत रात्रीही निवत नाही. अशा वेळी घरातील सर्वांत थंड, अंधारी खोली पाहुण्यांसाठी न ठेवता झोपणाऱ्यासाठी ठेवावी. खिडकीला जाड पडदा, कूलर असेल तर तो त्या खोलीत, आणि दारावरची घंटा बंद. नातलगांना ‘अमुक वेळेत फोन करू नका’ असे सांगण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

आणि सर्वांत आधी, तारीख. गृहस्थांच्या तपासणीचा दिवस दिनदर्शिकेवर लिहिलेला असतोच. त्याच आठवड्यात गृहिणीच्या तपासणीचाही दिवस लिहावा, आणि तो घरातल्या सर्वांना दिसेल असा लिहावा. त्यासाठी मोठा खर्च लागतो असे नाही. तीस वर्षांपुढील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर मोफत पाहण्याची सोय सरकारने आयुष्मान आरोग्य मंदिरांतून केलेली आहे. स्त्रियांच्या स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक चाचणीही त्यात येते. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना रेल्वेच्या रुग्णालयात उपचार मिळतात, पण नवऱ्याचे कार्ड घेऊन स्वतःसाठी तेथे गेलेल्या गृहिणी किती, हे ज्याचे त्याने आपल्या घरी पाहावे. मन फारच खचले असेल, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ ह्या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. बोलण्यास पैसे पडत नाहीत.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींहून अधिक, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले तेरा कोटींहून अधिक आढळले. उंबरठ्यावरच्या माणसाला काहीच जाणवत नसते. तरीही रोज अर्धा तास भरभर चालणे, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्यानेही तो पुष्कळदा मागे फिरू शकतो. झाशीत त्यासाठी सकाळी किल्ल्याच्या पायथ्याचा रस्ता आहे. मिठाचे प्रमाण माणशी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी असावे, म्हणजे सपाट एक चमचा. पापड, लोणचे, फरसाण ह्यांतले मीठ त्यातच धरावयाचे.

तपासणीस जाताना एवढे करावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू टाळावी. गेल्याबरोबर हात पुढे करू नये. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून स्वस्थ बसावे. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा आणि मोजणी चालू असता बोलू नये. आकडा १४० आणि ९० किंवा त्याहून वर आला तरी एका मोजणीवरून घाबरू नये. एका मिनिटाने पुन्हा मोजावे, आणि दुसऱ्या दिवशीही तसाच आला तर डॉक्टरांस दाखवावे. पहिल्या खेपेस दोन्ही हातांचा दाब पाहावा, ज्या हाताचा अधिक येईल तोच हात पुढे धरावा, आणि आकडा तारखेसह लिहून ठेवावा. सासूबाईंच्या साखरेची वही घरात आहेच. तिची मागची पाने बहुधा कोरी असतील.